दोन ठिपक्यांची पाचर

हे कुणाला खरं वाटणार नाही. आमच्या घराण्यातलं काहीच कुणाला खरं वाटत नाही, त्यात ते मी सांगतोय म्हटल्यावर तर कुरुळीतलं शेंबडं पोरही हसतं. हसू दे. पण आमच्या अर्जुनाच्या हिंदुरावानं लोखंडाचा एक बोटभर तुकडा कानशीनं घासून खाचेत असा बसवला होता, की दोन्हींच्या मधून जायला निघालेली मुंगी थबकली, तिनं इकडंतिकडं बघितलं आणि वळसा घालून गेली. ती मुंगी मी पाहिली. तिच्या चालण्यात राग होता.

चलनात नवे पैसे आले त्याच्या पुढच्या साली, फाल्गुनातल्या रविवारी, चिंचवडचे उद्धवराव त्यांच्या इंदूच्या लग्नाची बोलणी करायला आमच्याकडं येणार होते. आणि नवरामुलगा घरात नव्हता.

सकाळपासून स्वयंपाकघरात शालनबाई भांडी आपटत होती. शालनबाई म्हणजे हिंदुरावाची आई, माझी पुतणसून. आवाज भांड्यांचा, पण बोलणं मला होतं.

"मामंजी, तुमीच सांगा. ज्या कारखान्यानं पोराला हाकलून दिलं, त्याच कारखान्याचा पंप बघायला पोरगं आज सायकल मारीत शेलपिंपळगावला गेलंय. आज! पाव्हणं दारात यायच्या दिवशी!"

"दुपारपर्यंत येतो म्हणलाय," मी म्हणालो.

"दुपार कवा व्हती त्याची? लोखंड हातात आलं की त्याला दिवस मावळल्यालाबी कळत न्हाई."

चुलीपाशी विमलबाई बसली होती. अर्जुनाची बहीण, नवरा गेल्यापासून माहेरी राहिलेली. ती शिऱ्यात पळी फिरवत म्हणाली, "वहिनी, पाव्हण्यांनी इचारलं, मुलगा कुठं, तर काय सांगायचं ते आधी ठरवा."

"कामावर गेलाय म्हणायचं."

"कुठल्या कामावर? नोकरी हाय कुठं त्याला?"

झालं! सगळं दुखणं इथंच होतं. त्यात थोडा माझा हात होता, तोही सांगून टाकतो. दोन महिन्यांपूर्वी चाकणच्या कांद्याच्या बाजारात मी म्हणालो होतो, की आमचा हिंदुराव पिंपरीच्या पंपाच्या कारखान्यात फिटर लागला. एकदाच म्हणालो. पण भरल्या बाजारात म्हणालो. त्यानंतर पंधरा दिवसांत उद्धवरावांचा निरोप आला: मुलगी सातवी पास आहे, तुमचा मुलगा पसंत आहे, येऊ का? याआधी दोन ठिकाणांहून आमच्या पोराला नुसता शेतकऱ्याचा मुलगा म्हणून नकार आला होता. शालनबाईनं निरोप ऐकला आणि देवापुढं साखर ठेवली. कारण इंदूला तिनं चाकणच्या जत्रेत पाहिलं होतं, आणि त्या दिवसापासून घरातल्या एका खुंटीवर तिनं काही टांगायचं बंद केलं होतं. ती खुंटी सुनेच्या लुगड्यासाठी.

तेवढ्यात अर्जुनराव अंगणातून आत आला. माझा पुतण्या, बोलणं मोजकं, पण एकदा बोलला की खांब रोवल्यासारखं.

"मी खरं सांगनार," तो म्हणाला. "नोकरी लागली न्हाई म्हनून सांगनार. उद्धवराव सोता पिंपरीला कंपनीत लिवायच्या कामाला हाईत. आज ना उद्या कळंलच."

"पिंपरीत कारखाना काय एकच हाय?" मी म्हणालो. "रोज एक उगवतोय. परवा मी एका बाभळीखाली बसलो, उठून बघतो तर तिथं भोंगा."

"आबा, चेष्टा न्हाई."

"आवं," शालनबाईचा आवाज एकदम खाली आला. "सुपारी फुटूस्तवर तरी गप ऱ्हावा. लगीन जेठात. तवर लागंल की कुठंतरी. पोरगं काय आळशी हाय का?"

"फसवून सून आनायची?"

"फसवून न्हाई. उशिरानं सांगून."

विमलबाईनं पळी थांबवली. "दादा, वहिनीचं मला पटतंय. खरं सांगून दोनदा पोराचं काय झालं ते बघितलंय आपन."

म्हणजे दोन बायका एका बाजूला, अर्जुन एका बाजूला, आणि मी, नेहमीसारखा, जिकडं शिरा आहे तिकडं.

*

पाहुणे अकराच्या एसटीनं आले. उद्धवराव आणि त्यांचे धाकटे भाऊ दौलतराव. उद्धवराव बारीक अंगाचे, पांढरी टोपी, खिशाला पेन, हसले तरी ओठ न उघडणारे. दौलतराव याच्या उलट. त्यांनी ओसरीवर पाय ठेवायच्या आत आमचं छप्पर, गोठा, विहिरीची वाट आणि माझं धोतर, सगळ्यांची किंमत करून टाकली.

त्यांच्यामागोमाग सरदार मिस्त्री आले. चाकणला ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. हिंदुराव त्यांच्याकडं वयाच्या तेराव्या वर्षापासून शिकला. नव्या टोपीत, हातात बत्ताशांचा पुडा घेऊन ते दारातच अर्जुनरावाला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्जुनभाऊ, एक बात आधीच सांगतो. मी झूट बोलणार नाही. पण कुणी विचारल्याबिगर सच पण बोलणार नाही. एवढं मला जमतं."

"तेवढंबी लई हाय, मिस्त्री," अर्जुनराव म्हणाला.

चहा झाला. दौलतरावांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मुलगा दिसत नाही?"

ओसरीवर अशी शांतता पडली की गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. दाराआड बांगड्या वाजल्या. अर्जुनरावानं तोंड उघडलं, आता हा खांब रोवणार, एवढ्यात मी म्हणालो, "येईल की. तोवर त्याला नोकरी कशी मिळाली ते तर ऐका!"

अर्जुनराव माझ्याकडं असा बघत राहिला, की मला त्याच्या बापाची आठवण झाली. पण मी सुरू झालो होतो.

"पहिल्यांदा पत्र आलं तेव्हा," मी म्हणालो, "पत्रात लिहिलेलं सकाळी आठला हजर. पोरगं पहाटे निघालं, मोशीवरून इंद्रायणी ओलांडून, भोसरीवरून, सायकलनं. गेटाबाहेर चिंचेचं झाड. त्याखाली ही रांग! शेवटचा माणूस चिंचवडात उभा. संध्याकाळी पाचला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, आज साहेब न्हाईत."

"मग आधी का नाही सांगितलं?" दौलतराव म्हणाले.

"मी पण हेच म्हणतो. दुसऱ्यांदा गेला, तर शाळेचा दाखला आणा. दाखला आणला, तर दाखल्यावरची जन्मतारीख आणि अर्जावरची जन्मतारीख जुळंना. आमच्या शालननं त्याला वैशाखात जन्म दिला, मास्तरनं श्रावणात. कारकून म्हणाला, दोनदा जन्मलेल्या माणसाला नोकरी देता येत न्हाई."

दाराआड विमलबाई फिसकन हसली. उद्धवरावांच्या ओठाची एक बाजू हलली.

"तिसऱ्यांदा उंची मोजली, छाती मोजली, फुगवून मोजली. छाती अशी फुगवली की टेप तुटला. मग साहेबानं विचारलं, बाप काय करतो? शेती. मग पेरणीला पळशील! पोरगं म्हणालं, न्हाई पळणार. साहेब म्हणाला, सगळे असंच म्हणतात. जा, कळवू."

हे मात्र जसंच्या तसं खरं होतं, टेप सोडून. आणि ते ऐकताना अर्जुनरावाची मान खाली गेली. त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं, की त्या दिवशी पोरगं घरी आलं, जेवलं, आणि बापाला न विचारताच नांगराला हात लावायला गेलं, जणू कुणाशी तरी शर्त लागली होती. पेरणीला पळशील! पेरणी म्हणजे काय चोरी आहे? ही गोष्ट अर्जुनाच्या मनात काट्यासारखी मोडून बसली होती.

"बरोबर आहे साहेबाचं," दौलतराव मांडी बदलत म्हणाले. "शेतकऱ्याच्या पोरांना शिस्त नसते. आमचं म्हणणं तेच आहे. मुलीला शेण-गोठा करायला द्यायची नाही. पगारदार माणूस असेल तर बोलू."

अर्जुनरावानं मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. सकाळी खरं सांगायला निघालेला तो माणूस आता दौलतरावांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "आबा, पुढं सांगा."

तर असा अर्जुन माझ्या बाजूला आला.

*

पुढचं सांगायचं तर आधी सरदार मिस्त्रींच्या दुकानाची रीत सांगायला हवी, आणि ती मी मिस्त्रींनाच सांगायला लावली. त्यांना तिथं खोटं बोलायची गरज नव्हती.

"रीत माझ्या वडलांची," मिस्त्री म्हणाले. "दुकानात जे नवं बनेल, त्यावर ज्यानं बनवलं त्याची खूण. पंचानं, म्हणजे टोकदार खिळ्यानं, ठिपका मारायचा. माझा एक ठिपका, हिंदुरावाचे दोन. काम खराब निघून परत आलं तर खूण बघायची. ज्याची खूण, त्यानं रोटीला हात लावायच्या आधी ते पुन्हा करायचं, आणि गिऱ्हाइकाकडं सोता जाऊन माफी मागायची. उस्ताद असो की शागीर्द."

"पैसे?" दौलतरावांनी विचारलं.

"पैसे कसले? गलती का पैसा कौन देगा?"

"तर चौथ्यांदा बोलावलं ते हाताची परीक्षा घ्यायला," मी गोष्ट पुन्हा ताब्यात घेतली. "पंपाच्या दांड्यावर पट्ट्याचं चाक असतं. चाक फिरताना सुटू नये म्हणून मधल्या खाचेत लोखंडी पाचर ठोकतात. फोरमननं एकेका पोराला लोखंडाचा तुकडा दिला, कानस दिली, आणि म्हणाला, पाचर करा. खाचेत बसली पाहिजे, मधून उजेड दिसता कामा नये. आमच्या पोरानं अशी केली की..."

"मुंगी," अर्जुनराव पुटपुटला. त्यानं ती आधी ऐकली होती.

"मुंगीच! फोरमन म्हणाला, वा. आठ दिवसांनी ये. आठ दिवसांनी गेला, तर म्हणे साहेबांनी तुकडा बघितलाच न्हाई, पुन्हा कर. पुन्हा केला. पुन्हा बोलावलं, पुन्हा केला. असा पाच वेळा! पाच पाचरी! आणि हा एकटा न्हाई. रोज चाळीस-पन्नास पोरं चिंचेखाली बसून पाचरी घासतायत, आणि नोकरी कुणालाच न्हाई."

"कमाल आहे," दौलतराव आता पुढं सरकून ऐकत होते. "एवढ्या पाचरींचं करायचं काय?"

"तेच तर! दिवाळीनंतर मिस्त्रींच्या दुकानात एक पंप दुरुस्तीला आला. नवाकोरा, त्याच कारखान्याचा. चाक सैल झालेलं. मिस्त्रींनी पाचर उपटून काढली, पुसली, आणि..."

मिस्त्रींकडं बघून मी थांबलो. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि ते हातच बघत होते.

"दोन ठिपके," ते म्हणाले.

"दोन ठिपके!" मी म्हणालो. "परीक्षेच्या पाचरी कारखाना पंपात बसवून विकत होता! फुकटात! कारागीर ठेवायचाच कशाला? रोज परीक्षा घ्यायची!"

दौलतरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे चक्क लूट! मी असतो तर पोलिसात गेलो असतो."

"कुणीही गेलं असतं," मी म्हणालो. "सगळा चाकणचा बाजार म्हणत होता, जा आणि त्या फोरमनची गचांडी धर. आणि आमचं पोरगं काय म्हणालं असंल? सांगा मिस्त्री."

मिस्त्रींना बोलावंसं वाटत नव्हतं. नंतर नमाजाच्या वाटेवर त्यांनी मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना आपल्या वडलांचा राग आला होता. ही असली रीत घातली नसती तर पोरगं आज फिटर असतं. बाकीची दुकानं खूण करत नाहीत, त्यांचं काय बिघडलं? पण प्रश्न विचारला गेला होता, आणि विचारल्यावर ते खरं बोलणार होते.

"त्यानं पाचर हातात घेतली," मिस्त्री म्हणाले. "उजेडाला धरली. मला म्हणाला, उस्ताद, ही पाचवी. त्या दिवशी भोंगा झाला म्हणून मी घाई केली, एका कडेला कमी घासली गेली. चूक माझी हाय. मी म्हटलं, बेटा, कानस त्यांची बोथट होती. तो म्हणाला, हात तर माझा व्हता."

दाराआड शालनबाई भिंतीला टेकली होती. ही गोष्ट पोरानं आईला सांगितलीच नव्हती. दोन महिने ती त्याला येडा म्हणत होती, नोकरी हातची घालवली म्हणत होती, ताटात भाकरी टाकताना म्हणत होती. तिनं विमलबाईचा दंड धरला. "वन्सं," ती कुजबुजली, "मामंजींना थांबवा. असल्या पोराचं लगीन खोट्यावर लावायचं न्हाई मला."

"आता व्हय? सकाळी तुमीच..."

"सकाळी मला ठावं नव्हतं."

"आता थांबलं तर मुलगी जाती, वहिनी."

"जाऊ दे."

पण दाराआडच्या बायकांचं ऐकायला माझे कान त्या दिवशी मोकळे नव्हते.

*

"मग काय, दुसऱ्या दिवशी पोरगं कारखान्याच्या गेटावर," मी सांगत होतो. "नवी पाचर घासून रुमालात बांधलेली. वॉचमन म्हणाला, पत्र? हा म्हणाला, पत्र न्हाई, तुमच्या पंपाचं काम परत आलंय. राव, काय सांगू! नोकरी मागायला गेला तेव्हा आठ खेपांत जे गेट उघडलं न्हाई, ते तक्रारीचं नाव काढल्याबरोबर सताड! थेट मोठ्या साहेबाच्या खोलीत. साहेब, फोरमन, दोन कारकून, सगळे हजर. पोरानं रुमाल सोडला, पाचर टेबलावर ठेवली, हात जोडले, आणि म्हणाला, साहेब, माफी करा. मी तुम्हाला पाच पाचरी दिल्या, त्यातली एक वाईट निघाली. ही तिच्या बदल्यात घ्या. आणि बाकीच्या चार कुठल्या पंपात बसवल्यात तेवढं सांगा, मी जाऊन बघून येतो. चाक निसटलं तर कुणाचा पाय जाईल."

उद्धवरावांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, चहा जास्त झाला.

"साहेब म्हणाला, तू आमच्याकडं कामाला आहेस? न्हाई जी. मग तुझी पाचर आमच्या पंपात कशी? पोरगं म्हणालं, ते फोरमनसाहेबांना ठाऊक. फोरमनचा चेहरा असा उतरला की मिशी हनुवटीवर आली."

इथपर्यंत मी बहुतेक खरं सांगितलं होतं. खरं इथंच संपत होतं. इथून पुढं हिंदुरावानं घरी येऊन एवढंच सांगितलं होतं: "पुन्हा येऊ नको म्हणाले." त्यापुढं त्यानं काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हणजे पुढची जागा मोकळी होती, आणि मोकळी जागा दिसली की मला राहवत नाही.

"साहेब खुर्चीतून उठला!" मी म्हणालो. "उठून आमच्या पोराला म्हणाला, या खुर्चीवर तू बस. पोरगं म्हणालं, न्हाई साहेब, कपड्याला तेल हाय. साहेब म्हणाला, तेल राहू दे! कारखान्याचा भोंगा वाजवला, मशिनी थांबवल्या, अकराशे कामगार अंगणात उभे केले, आणि सगळ्यांदेखत त्या पाचरीला हार घातला."

"पाचरीला?" दौलतराव म्हणाले.

"आधी पाचरीला, मग पोराला. फोरमनची टोपी काढून आमच्या पोराच्या डोक्यावर ठेवली. आता तर असं झालंय की हिंदुराव गेटातून आत गेल्याशिवाय मशिनी चालूच होत न्हाईत."

"आबा," अर्जुनराव हळूच म्हणाला.

"थांब रे."

"आबा, पुरं."

पण दौलतरावांचा चेहरा उजळला होता, आणि उजळलेला चेहरा समोर असला की मला थांबता येत नाही. ते उद्धवरावांकडं वळून म्हणाले, "दादा, मुलगा लाखातला आहे. सुपारी आणायला सांगा. पण आबा, तो आहे कुठं? आज तर रविवार."

आता सगळे माझ्याकडं बघत होते. मिस्त्रींनी तोंड फिरवलं, न जाणो कुणी त्यांनाच विचारलं तर! दाराचा पडदा सरकला आणि शालनबाई उंबऱ्यावर आली. डोक्यावर पदर होता, पण पाहुण्यांसमोर सून बोलत नाही ही रीत ती मोडणार, हे तिच्या हनुवटीवर लिहिलेलं होतं. मला घाई करणं भाग होतं.

"कारखान्यातच!" मी म्हणालो. "ओव्हरटाइम! रविवारी सुद्धा साहेब त्याला सोडत न्हाई. आज पहाटे सोता मोटार घेऊन न्यायला आला होता. मोटार अशी लांब की पुढचं चाक आमच्या दारात आणि मागचं चाक अजून मोशीत. म्हणाला, हिंदुराव, तू न्हाईस तर..."

"मामंजी," शालनबाई म्हणाली.

"आबा," त्याच वेळी उद्धवराव म्हणाले.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण इतका वेळ न बोललेला माणूस बोलला की त्याला आवाज वाढवावा लागत नाही. शालनबाई तोंड उघडं ठेवून तिथंच थांबली.

उद्धवरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आबा, हे खोटं आहे."

"कुठलं?" मी म्हणालो. माझ्या मते प्रश्न रास्त होता.

"खुर्ची खोटी. हार खोटा. मोटार खोटी. आज रविवार, आमचा कारखाना बंद आहे. मी त्याच कारखान्यात कारकून आहे. त्या दिवशी त्या खोलीत जे दोन कारकून होते, त्यातला एक मी."

अर्जुनराव उठून उभा राहिला. बहुतेक पाय धरायला, किंवा हात जोडायला, त्याचं त्यालाच कळलं नसावं. उद्धवरावांनी त्याला हातानं बसवलं.

"खुर्ची कुणी दिली नाही. दीड तास उभा होता तुमचा मुलगा. साहेब फोरमनला एक शब्द बोलले नाहीत. मुलाला म्हणाले, आमच्या मालावर खुणा करणारा तू कोण? तो एवढंच विचारत राहिला, बाकीचे चार पंप कुठं आहेत. त्याला बाहेर काढलं. मी मागच्या दारानं जाऊन चिंचेखाली त्याला गाठलं आणि चार पत्ते लिहून दिले. नाव सांगितलं नाही, मला पण नोकरी आहे. मोशी, चऱ्होली, देहू ही तीन गावं त्यानं केली, मी त्या शेतकऱ्यांना विचारलंय. आज तो शेलपिंपळगावला असणार."

"दादा!" दौलतराव म्हणाले. "म्हणजे मुलाला नोकरी नाही? आणि तुला माहीत होतं? मग आपण इथं आलो कशाला?"

उद्धवराव दौलतरावांशी बोलले नाहीत. ते उंबऱ्यावर उभ्या असलेल्या शालनबाईकडं बघून बोलले.

"तो गेल्यावर साहेबांनी उमेदवारांची यादी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, याचं नाव खोडा. मी खोडलं, वहिनी. याच पेननं खोडलं. आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन आमच्या मंडळींना म्हटलं, इंदूसाठी मुलगा मिळाला."